घाम कुठल्या कामाचा?

घामाचा डाग पडलेला कपडा घेऊन कुणी दारात आलं की माझा पहिला प्रश्न कपड्याबद्दल नसतो. हा घाम कुठल्या कामाचा, ते मी विचारते. तेंदूपत्ता तोडतानाचा, रोवणीतला, मिरचीच्या वाडीतला, की अर्जुनी-मोरगावच्या बसमध्ये उभं राहून आलेला? धुणारीला एवढ्या चौकशा कशाला, असं समोरच्या बाईला वाटत असेल. पण पाणी थंड घ्यायचं की कोमट, आधी साबण की आधी सोडा, ऊन द्यायचं की सावली, हे सगळं तिच्या उत्तरावर ठरतं.

आमचं केशोरी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. भोवती जंगल आणि धानाच्या बांध्या, जवळच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, आणि थोडं पुढं गेलं की गडचिरोली जिल्हा. इथं बारा महिने कुठल्या ना कुठल्या कामाचा घाम असतो. मे महिन्यात तेंदूपत्ता, आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी आणि मळणी, आणि थंडी सरता सरता मिरचीची तोडणी. केशोरीची मिरची तिखटपणासाठी ओळखली जाते. ती पिकवणाऱ्यांचे सदरे आणि लुगडी माझ्याकडं येतात.

आमचं घर वरठ्याचं, म्हणजे परटाचं. माझी आई बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, धुणं धुवायची. घरोघरचे कपडे आणायचे, धुवून परत पोचवायचे, आणि धान निघालं की खळ्यावरून वर्षाचा वाटा यायचा. मी बारावीपर्यंत विज्ञान शिकले, पण कामाचा पाया आईच्या हाताखालीच घातला गेला. आता बोडीवर कुणी फारसं जात नाही. मी घरीच धुते: अंगणात दगड, नळाचं पाणी, बादल्या, एक जुनं यंत्र आणि कोळशाची इस्त्री. यंत्र पिळण्यापुरतं कामाचं. डाग हातानंच काढावा लागतो.

घामाचा डाग म्हणून जे आणलं जातं, त्यात खरं तर वेगवेगळ्या गोष्टी असतात. पाठीवर आणि छातीवर पांढऱ्या कडा दिसतात, ते मीठ. शरीरभर पसरलेल्या घामाच्या ग्रंथी जे सोडतात त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं, सोबत मीठ, थोडा युरिया आणि लॅक्टिक आम्ल. पाणी उडून जातं, मीठ राहतं. कॉलरच्या आतल्या बाजूला आणि मनगटाजवळ पिवळट-करडी पट्टी येते, ती त्वचेच्या तेलाची. हे तेल सुताच्या धाग्यात मुरतं आणि हवा लागून हळूहळू पिवळं पडतं. म्हणूनच वरून स्वच्छ दिसणारा पांढरा सदरा पेटीत ठेवला, तर वर्षानं पिवळा होऊन बाहेर येतो. डाग नंतर पडलेला नसतो. तेल आधीच आत होतं, ते फक्त रंगलं.

काखेतला डाग तिसऱ्या जातीचा. तिथल्या ग्रंथी पाणी-मिठाबरोबर प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थही सोडतात. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर जगतात, तेव्हा वास तयार होतो. चौथी जात अलीकडची, नागपूर-गोंदियाहून शिकून येणाऱ्या मुलांच्या शर्टांवरची. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाशी मिळून सुतात घट्ट बसतात आणि काखेचा भाग पिवळा नि कडक होतो. नुसत्या सुगंधी फवाऱ्यात हे क्षार नसतील, तर तसा डाग पडत नाही. म्हणून मी मुलांना बाटलीवरचं लेबल वाचायला सांगते.

हे ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त कामी येतात. मीठ चुरचुरतं आणि पाण्यात लगेच विरघळतं. तेलकट कॉलर गुळगुळीत लागते, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो आत शिरायला वेळ घेतो. रोल-ऑनचा डाग खळ घातल्यासारखा ताठ असतो. कपडा हातात घेऊन इतकं बघितलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम क्रमाचं. आई नेहमी आधी थंड पाणी घ्यायची. कारण विचारलं तर एवढंच सांगायची की गरम पाण्यानं डाग पक्का होतो. विज्ञानाच्या पुस्तकात प्रथिनांचा धडा आला तेव्हा मला त्यामागचं कारण कळलं. अंड्याचा पांढरा भाग तापला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. काखेतल्या घामाची प्रथिनंही गरम पाण्यात तशीच सुतावर आळतात. म्हणून पहिलं पाणी साधं आणि थंड. कपडा उलटा करायचा, डागाची बाजू खाली ठेवायची आणि वाहत्या पाण्याखाली मागच्या बाजूनं पाणी सोडायचं, म्हणजे आत गेलेलं बाहेर ढकललं जातं. मिठाचा डाग असेल तर काम इथंच संपतं. त्याला साबणही लागत नाही.

यावरून गरम पाणी वाईटच, असं मात्र नाही. आमच्या घरी पूर्वी भट्टी लावायचे. कपडे आधी थंड पाण्यात भिजवून खळबळून काढायचे, मग सोड्याच्या पाण्यात बुचकळून मोठ्या हंड्यावर रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. त्या क्षाराच्या उष्णतेत कपड्यातल्या चरबीचाच साबण होतो आणि ती पाण्याबरोबर निघून जाते. सोडा मिळत नसे तेव्हा लाकडाची राख चालायची, कारण राखेतही पोटॅशियमचा क्षार असतो. म्हणजे प्रथिनं आधी थंडीनं काढायची, चरबी नंतर गरमीनं. तीच दोन पाणी उलट्या क्रमानं वापरली तर डाग कायमचा राहतो. घरी डाग न निघण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच दिसतं: चांगली पावडर, भरपूर कष्ट आणि सुरुवातीलाच उकळतं पाणी.

कॉलरसाठी मी भांडी घासायचं लिक्विड वापरते. ते तेल तोडण्यासाठीच बनवलेलं असतं. ओल्या कॉलरवर थोडं लिक्विड बोटानं चोळायचं, अर्धा तास ठेवायचं, मग मऊ ब्रशनं धाग्याच्या दिशेनं घासायचं आणि कोमट पाण्यात धुवायचं. कडक ब्रश आडवातिडवा फिरवला तर डागाआधी कॉलरचा कापूस निघतो. जुनी पिवळी पट्टी असेल तर धुण्याचा सोडा: अर्धी बादली कोमट पाण्यात एक मोठा चमचा, तास-दोन तास भिजत ठेवून. हा सोडा चांगलाच तीव्र असतो, हाताची साल काढतो. सुती कपडा तो सोसतो, रेशीम आणि लोकर सोसत नाही.

काखेसाठी खायचा सोडा बरा. तो सौम्य असतो. तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी कालवून लेप करायचा, डागावर थापायचा, तासाभरानं धुवायचा. वास गेला, पिवळेपणा राहिला, आणि कपडा पांढरा सुतीच असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीवर टक्के वाचायचे. आपल्याकडं बरेचदा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यावर २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. डागावर टाकून वीस मिनिटं सावलीत ठेवायचं आणि भरपूर पाण्यानं काढायचं. हातमोजे घालायचे, डोळे जपायचे. रंगीत कपड्याला ते लावायचंच असेल तर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघायचं.

रोल-ऑनच्या कडक डागाला सोडा उपयोगी पडत नाही. त्याला आम्ल हवं. पांढऱ्या व्हिनेगरात दुप्पट पाणी घालून त्यात काखेचा भाग अर्धा तास बुडवायचा. ॲल्युमिनियमचा क्षार सैल होतो, मग लिक्विडनं धुवायचं. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं, पण एक काळजी घ्यावी लागते. पुष्कळ जण लिंबू चोळून कपडा तसाच उन्हात टाकतात. पाणी उडतं तसं आम्ल तीव्र होत जातं. कापसाचा धागा ज्याचा बनलेला असतो त्या सेल्युलोजला आम्ल कापतं. डाग फिकट होतो खरा, पण पुढच्या दोन-चार धुण्यांत तिथलं सूत विरतं. लिंबू लावलं तर ते पूर्ण धुवून काढल्यावरच ऊन दाखवायचं.

व्हिनेगर आणि सोडा एकदम ओतायची पद्धत आता घरोघर पोचली आहे. फेस छान येतो म्हणून लोकांना ते जोरकस वाटतं. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आम्लानं क्षार मारला, क्षारानं आम्ल मारलं, डागासाठी दोघंही उरले नाहीत. दोन्ही वापरायचे असतील तर एकामागून एक, मधे पाणी बदलून. आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही व्हिनेगर किंवा लिंबाबरोबर एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ही गोष्ट मी प्रत्येक बाईला सांगते, तिनं विचारलेलं नसलं तरी.

घामाच्या डागावर क्लोरीन ब्लीच एकटंही वापरू नये. घामातल्या प्रथिनांशी ते मिळालं की पिवळेपणा वाढतो, आणि वारंवार वापरलं तर सूत कमजोर होतं. पाण्यात लोह असेल तर त्याचीही तांबूस झाक चढते. एका बाईच्या नवऱ्याचा लग्नातला पांढरा सदरा ब्लीचच्या बादलीतून आणखी पिवळा होऊन निघालेला मी बघितला आहे. त्या बाईनं काही चुकीचं केलं, असं मला वाटलं नाही. पांढरं करायचं म्हणजे ब्लीच, हेच तिला सगळीकडून सांगितलेलं होतं. अशा कपड्याला मी ऑक्सिजनवाली पावडर लावते. तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं. हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात ती काम करते आणि सुताला कमी त्रास देते. थंड पाण्याचा पहिला हात झालेला असतो, म्हणून इथं गरम चालतं.

पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. आईला बोडीचं साचलेलं पावसाचं पाणी मिळायचं, ते मऊ. बोअरचं पाणी जड असलं की साबणाचा फेस येत नाही, उलट साबण आणि पाण्यातला चुना मिळून चिकट साय होते. ती कॉलरच्या तेलात बसते आणि कपडा करडा दिसू लागतो. बाया म्हणतात, डाग वाढला. वाढलेला असतो तो साबणाचा थर. अशा पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा घातला की जडपणा कमी होतो. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवता आलं तर पांढऱ्या कपड्यांना त्या पाण्यासारखं दुसरं काही नाही.

आता कामाच्या प्रश्नाकडं येते. कारण घाम एकटा क्वचित येतो.

तेंदूपत्त्याच्या हंगामात बाया-पुरुष अंधार असतानाच जंगलात जातात. दुपारपर्यंत तोडणी, डोक्यावर गाठोडं, मग घरी बसून ७० पानांचा एकेक पुडका बांधायचा आणि फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करण्याच्या जागी, नेऊन द्यायचा. या कपड्यांवर घामाबरोबर पानांचा रसही असतो. पानात टॅनिन असतं. त्याला साबणाचा आणि सोड्याचा क्षार लागला की ते गडद होतं, आणि लोह असलेलं पाणी लागलं तर काळपट. म्हणून मेमधल्या कपड्याला मी सोडा आधी लावत नाही. आधी साधं पाणी, मग पाणी घातलेलं व्हिनेगर, ते धुवून मग पावडर. जो कपडा रोवणीत सोड्यानं स्वच्छ होतो, तोच मे महिन्यात त्याच सोड्यानं बिघडतो.

रोवणीतल्या कपड्याची अडचण वेगळी. बाई सकाळी बांधीत उतरते ती संध्याकाळी बाहेर येते. पाऊस, चिखल आणि घाम दिवसभर एकत्र. घामाचा डाग त्यात दिसतच नाही. घरी आल्यावर लुगडं वळणीवर टाकलं जातं, श्रावणात ते दोन दिवस वाळत नाही, आणि मग आंबट वास येतो, काळे बुरशीचे ठिपके पडतात. इथं डागापेक्षा ओल मोठी. चिखल बांधीच्या कडेला, धुऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्यातच काढून घरी यावं, एवढं मी सांगते. घरी एकदा पावडरीत धुवून, जमेल तेवढं पिळून, चुलीच्या खोलीत पण धुरापासून लांब पसरावं. घडी घालून किंवा दोरीवर दुहेरी टाकून ठेवू नये. कपडा एकेरी वाळला तर जिवाणूंना वेळ मिळत नाही.

मिरचीच्या कपड्याला ऊन औषध आहे. लाल मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून नुसत्या पाण्यानं तो पसरतो. आधी भांड्यांचं लिक्विड, मग धुणं, आणि उरलेली लाली कडक उन्हात एक-दोन दिवसांत विरते, कारण तो रंग उन्हाला टिकत नाही. हळदीचंही तसंच. हे कपडे धुताना मी हाताला आधी तेल लावते. तिखटाची आग पाण्यानं जात नाही, तेलानं थोडी रोखली जाते.

शाळेचे गणवेश आणि खाकी यांच्यात बहुधा सुताबरोबर पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, पण त्वचेचं तेल धरून ठेवतं, म्हणून धुतल्यावरही वास राहतो. शुद्ध सुती कपडा डाग लवकर घेतो आणि समजून धुतला तर लवकर सोडतोही. आमच्यासारख्या उन्हाच्या मुलखात मी सुताचीच बाजू घेते. मुलाच्या गणवेशाखाली सुती बनियान घालायला लावा, हा माझा सर्वांत स्वस्त सल्ला. डाग बनियानवर थांबतो, आणि बनियान सोड्याच्या पाण्यात निर्धास्त टाकता येते.

दुसरा स्वस्त उपाय आमच्या धानाच्या मुलखात रोज चुलीवर तयार होतो. भाताची पेज गाळून, पाण्यानं पातळ करून पांढऱ्या सुती कपड्याला खळ द्यायची. धाग्यावर स्टार्चचा थर बसतो, घाम आणि मळ आधी त्या थराला लागतो आणि पुढच्या धुण्यात थरासकट निघतो. आईनं धोतरांना आणि टोप्यांना खळ दिली ती ताठपणासाठी, असं मला लहानपणी वाटायचं. ती धाग्याची राखणही होती. मात्र खळ दिलेला कपडा महिनोन् महिने पेटीत ठेवू नये. किडे स्टार्च खातात, आणि ओल असेल तर बुरशी येते. लांब ठेवायचा कपडा खळ काढून, पूर्ण कोरडा करूनच ठेवावा.

नीळ ही राखण नाही, ती दृष्टीची सोय आहे. पिवळ्यावर निळी झाक चढली की डोळ्याला पांढरं दिसतं. पावडरीतले चमक देणारे पदार्थही असंच करतात, उन्हातले न दिसणारे किरण घेऊन निळसर उजेड परत देतात. यात वाईट काही नाही. पण पिवळेपणा काढून मग नीळ द्यायची. उलट केलं तर तेल आतच राहतं आणि कपडा दर धुण्याला थोडा मळकट होत जातो. पावडर घेताना मी त्यात एन्झाइम आहेत का ते बघते. प्रथिनं तोडणारं एन्झाइम धुण्यात वापरायची कल्पना जर्मनीतल्या ओटो रोम यांनी १९१३ साली मांडली होती. काखेच्या डागाला ही पावडर कोमट पाण्यात दोन तास दिली तर घासायचं काम कमी होतं. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं, आणि पावडरीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात.

इस्त्री सर्वांत शेवटी, आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच. वाळलेल्या कपड्यात अंधुक पिवळेपणा दिसत असेल तर मी इस्त्री लावत नाही, पुन्हा पाण्यात टाकते. निखाऱ्याच्या उष्णतेखाली उरलेलं तेल आणि प्रथिनं एकदा भाजली की पुढं काही चालत नाही. इस्त्रीवरून मला एक गोष्ट आठवते. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेलं उपरणं घ्यायचं होतं आणि ते चुरगळलं होतं. गांधीजींनी इस्त्री करून देतो म्हटलं. वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचं गोखले बोलले. गांधीजींनी हट्टानं इस्त्री केली आणि ती पसंत पडली. गांधीजींच्या आत्मकथेतली ही हकिगत मला आवडते ती गोखल्यांच्या काळजीमुळं. प्रेमाच्या माणसाचं वस्त्र आहे, ते दुसऱ्याच्या हातात देताना मन कचरणारच. माझ्याकडं येणारं प्रत्येक लुगडं कुणाच्या तरी माहेरचं असतं. ती काळजी मला रास्त वाटते.

म्हणून जे निघणार नाही ते मी आधीच सांगते. गडद निळ्या किंवा काळ्या सुती कपड्याच्या काखेत फिकट तांबूस पट्टा आला असेल, तर तो बहुतेक वेळा डाग नसतो. घामानं रंगच उडालेला असतो. तिथं काढण्यासारखं काही उरलेलं नाही. तो कपडा पुन्हा रंगवता येतो, किंवा त्या जागी तुकडा लावता येतो. पैसे घेऊन तो दहा वेळा घासणं मला पटत नाही.

कपडे देताना बाया काखेकडची बाजू आत घडी घालून देतात. ब्लाउज सगळ्यात खाली ठेवतात, वरून दुसरं काही टाकतात. "निघन का वो ताई?" हा प्रश्न हळू आवाजात येतो. मला याचं वाईट वाटतं. दिवसभर वाकून रोवणी केलेल्या बाईला आपल्या घामाची लाज वाटावी, आणि ते धान विकत घेणाऱ्याला त्याची जाणीवही नसावी, हे बरोबर नाही. गाडगेबाबा आमच्याच परीट समाजात, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली जन्मले. त्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरला आणि गावोगावची घाण स्वतः काढली. स्वच्छतेचं काम करणारा हलका ठरत नाही, हे त्यांनी सांगण्याआधी करून दाखवलं. घाम गाळणारा आणि तो धुणारा, दोघांच्याही बाबतीत मी तेच मानते.

आणि घरात हे धुणं कुणाच्या वाट्याला येतं, तेही बोलायला हवं. जी बाई रोवणीवरून येते तीच पाणी आणते, तीच नवऱ्याच्या आणि मुलांच्या कॉलरी घासते. घामाचा डाग काढायला सर्वांत जास्त उपयोगी गोष्ट कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी सोड्याचं किंवा पेरॉक्साइडचं नाव घेणार नाही. ती गोष्ट म्हणजे वेळ. त्याच दिवशी, घाम वाळायच्या आत थंड पाण्यात बुडवलेल्या कपड्याला पुढचं औषध क्वचितच लागतं. आणि हे काम त्या बाईची वाट बघत ठेवण्याची गरज नाही. सदरा उतरवणारा पुरुष तो तिथंच बादलीत टाकून, काखेचा आणि कॉलरचा भाग मागून खळबळून काढू शकतो. शाळेतून आलेला मुलगाही काढू शकतो. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक घराला मी आता हाच नियम सांगते: ज्याच्या अंगचा घाम, पहिलं पाणी त्यानं घालावं. ज्या घरांनी तो पाळला, त्यांचे कपडे माझ्याकडं डागासाठी येणं कमी झालं आहे. माझं तेवढं काम घटलं, आणि मला ते चालतं.